वाईट बातमी संचालक मंडळापर्यंत किती दिवसांत पोहोचते?

प्रश्न असा आला आहे: "आमच्या तालुक्याच्या गावातल्या नागरी सहकारी बँकेवर महिला राखीव जागेवरून मी यंदा निवडून आले. सासरे संचालक होते, त्यांची दहा वर्षांची मुदत संपली म्हणून घरून माझं नाव पुढे आलं. मी बी.कॉम. आहे, पण बँकेत कधी काम केलेलं नाही. ठेवी साधारण ३०० कोटी, शाखा नऊ. प्रत्येक बैठकीत 'सगळं व्यवस्थित आहे' असं सांगतात आणि विषय मंजूर होतात. आजच्या बँकेपुढचे खरे धोके कोणते? व्यवस्थापन कुठे कमी पडतं? माझ्यासारखीने नेमकं काय बघायचं? माहेरचे म्हणतात, उगाच अंगावर येईल, राजीनामा दे."

तुमचा प्रश्न वाचून मला बरं वाटलं. निवडून आल्यावर पहिल्याच वर्षी असं विचारणारे संचालक माझ्या पाहण्यात फार थोडे आले. मी कॅशियर म्हणून बँकेत लागलो, शाखा सांभाळल्या, कर्ज विभागात बसलो आणि शेवटची चौदा वर्षं तपासणी विभागात काढली. पुस्तकातली धोक्यांची यादी तुम्हाला पहिल्याच प्रशिक्षणात मिळेल: पतजोखीम (कर्ज बुडण्याची), व्याजदराची जोखीम, तरलतेची जोखीम (वेळेला हातात रोख नसण्याची), कामकाजातली जोखीम, सायबर. यादी बरोबर आहे. पण चौदा वर्षं शाखांमधून फिरल्यावर मला वेगळंच काही दिसलं. ज्या धोक्याने बँक अडचणीत आली, तो धोका बँकेतल्या कुणालाच माहीत नव्हता असं मी जवळजवळ कधीच पाहिलं नाही. कुणाला तरी माहीत होतं. बहुतेक वेळा तो माणूस क्लार्क किंवा त्याचे व्यवहार मंजूर करणारा पासिंग ऑफिसर असायचा. ती माहिती वर गेली नाही, गेली तर अर्ध्यावर थांबली, आणि बोर्डापर्यंत पोहोचली तेव्हा पैसे गेलेले होते.

एक उदाहरण सांगतो. बेदाण्याच्या एका व्यापाऱ्याला शाखेने कॅश क्रेडिट, म्हणजे मर्यादेपर्यंत लागेल तसं काढता येणारं कर्ज, दिलेलं होतं. तारण म्हणून शीतगृहातला माल. बेदाणा फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये तयार होतो, शीतगृहं उन्हाळ्यात भरतात आणि दिवाळीच्या मागणीत माल उतरतो. म्हणजे नोव्हेंबरचा साठा मेपेक्षा कमी असायलाच हवा. या खात्याची स्टॉक स्टेटमेंटं मी फाइलमधून काढून टेबलावर ओळीने मांडली. मेमध्ये ४,२०० बॉक्स, ऑगस्टमध्ये ४,२००, नोव्हेंबरमध्येही ४,२००. सह्या आणि शिक्के दर महिन्याचे, "तपासले" असा शेराही होता. शाखाधिकाऱ्याला घेऊन शीतगृहात गेलो. लॉटच्या पुढच्या दोन रांगांत माल होता. मागच्या रांगांचे बॉक्स हाताने ढकलले तर सरकत होते, इतके हलके. पंधरा किलोचा बॉक्स बोटाने सरकत नाही.

परत आल्यावर स्टेटमेंटची नोंद करणाऱ्या क्लार्क बाईंशी बोललो. त्या शांतपणे म्हणाल्या, "साहेब, आकडा बदलत नाही हे मी ऑगस्टमध्येच सांगितलं होतं." कुणाला? शाखाधिकाऱ्याला. तो म्हणाला, बघू. व्यापारी जुना, वरचे लोक त्याला नावाने ओळखणारे, आणि खातं थकीत दाखवलं तर शाखेचं उद्दिष्ट बिघडणार. ऑगस्टमध्ये कुणी शीतगृहात गेलं असतं तर निम्मा माल तरी हाती लागला असता.

तेव्हापासून मी कुठल्याही बँकेत गेलो की एकच गोष्ट आधी शोधतो: इथे वाईट बातमी खालून वर जायला किती दिवस लागतात? तुमच्या "सगळं व्यवस्थित आहे" या वाक्याने मी सावध झालो तो त्यामुळेच. नऊ शाखांच्या बँकेत सगळं व्यवस्थित असा महिना नसतो. काहीच वाईट सांगितलं जात नसेल तर ते कुठेतरी अडून बसलेलं आहे.

आता मोठी प्रकरणं याच नजरेने पाहा. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने २३ सप्टेंबर २०१९ रोजी निर्बंध आणले. सुरुवातीला एका खात्यातून सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढता येणार होते. मुंबईच्या रस्त्यावर रडणारे म्हातारे ठेवीदार आपण सर्वांनी टीव्हीवर पाहिले. त्या बँकेच्या एकूण कर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त रक्कम एकाच बांधकाम समूहाकडे होती आणि ती लपवण्यासाठी २१ हजारांवर बनावट कर्जखाती दाखवलेली होती. एवढी खाती एक माणूस रात्रीत बसून तयार करू शकत नाही. तपासणीसाठी याद्या बनवणारे, आकडे जुळवणारे, सह्या करणारे हात अनेक असतात. तिथेही बातमी शेवटी आतूनच रिझर्व्ह बँकेपर्यंत गेली, पण किती वर्षांनी! जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांपर्यंतच्या ठेवी सुटल्या, त्यावरच्या रकमेसाठी दहा वर्षांपर्यंत लांबवलेले हप्ते ठरले. ज्याने निवृत्तीची पुंजी तिथे ठेवली होती त्याला ही दहा वर्षं कशी वाटत असतील?

यातून तुम्ही पहिली गोष्ट घ्या ती एकाच टोपलीत सगळी अंडी ठेवण्याची. नागरी सहकारी बँकेला एका कर्जदाराला टियर-१ भांडवलाच्या, म्हणजे भागभांडवल आणि राखीव निधी अशा स्वतःच्या मूळ पैशाच्या, १५ टक्के आणि एका समूहाला २५ टक्के एवढीच मर्यादा आहे. तुमच्या बँकेचं टियर-१ भांडवल समजा ३० कोटी असेल, तर एका माणसाला साडेचार कोटी आणि त्याच्या गोतावळ्याला मिळून साडेसात कोटी. कागदावर ही मर्यादा सहसा पाळलेली दिसते. खरी भानगड "समूह" या शब्दात असते. नवऱ्याची पेढी, बायकोचं दुकान, मेव्हण्याचं कोल्ड स्टोअरेज, मुलाची ट्रान्सपोर्ट कंपनी अशी चार वेगळी नावं आणि चार वेगळ्या फाइली असतात, पण एकाचा धंदा बसला की चारही खाती एकाच महिन्यात थकतात. बँकेच्या पहिल्या वीस मोठ्या कर्जदारांची यादी मागा आणि ती तुमच्या गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाच्या नजरेने वाचा. कोण कुणाचा कोण हे बँकेच्या संगणकाला ठाऊक नसतं. तुम्हाला असतं, सासूबाईंना तर नक्कीच असेल. तालुक्याच्या बँकेच्या संचालकाजवळ असलेलं हे ज्ञान मुंबईतल्या कुठल्याही जोखीम अधिकाऱ्याजवळ नसतं.

दुसरी गोष्ट मार्चअखेरची. हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं अनुत्पादक (एनपीए) होतं, त्यावर तरतूद करावी लागते, म्हणजे ते बुडेल असं धरून पैसे बाजूला काढावे लागतात, नफा घटतो, लाभांश घटतो आणि सर्वसाधारण सभेत सभासद प्रश्न विचारतात. म्हणून ३० आणि ३१ मार्चला थकीत खात्यांमध्ये पैसे भरले जातात. कधी दुसऱ्याच नावाने नवं कर्ज देऊन, कधी मर्यादा वाढवून, कधी कर्जदाराच्या पुतण्याच्या खात्यातून. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तेवढीच रक्कम परत बाहेर जाते. ताळेबंदावर निव्वळ एनपीए शून्य! हे ओळखणं अजिबात अवघड नाही. २५ ते ३१ मार्च या सात दिवसांत नियमित झालेल्या सर्व कर्जखात्यांची यादी आणि त्याच खात्यांची १ ते १५ एप्रिलची उलाढाल, एवढी दोनच पानं मागा. संगणक पाच मिनिटांत काढून देतो. "आठ दिवस लागतील" असं उत्तर आलं तर त्या आठ दिवसांत काय होणार हे तुम्ही समजून घ्या.

या सवयीवर मी इतका वेळ घालवतो आहे, कारण बँका बुडण्याची सुरुवात इथेच झालेली मी पाहिली आहे. पहिल्या वर्षी झाकलेलं कर्ज चाळीस लाखांचं असतं. दुसऱ्या वर्षी व्याज धरून ते झाकायला जास्त लागतात. चौथ्या वर्षी झाकणाराच अडकलेला असतो, कारण आता खरं सांगायचं तर आधीची तीन वर्षं खोटं सांगितल्याचंही कबूल करावं लागतं. पहिल्या वर्षी त्या शाखाधिकाऱ्याला "थकलं आहे, काय करू?" असं विचारण्याची मोकळीक असती तर चाळीस लाखांची तरतूद करून बँक पुढे गेली असती. वाईट कर्ज प्रत्येक बँकेत असतं. ते लपवण्याची गरज कर्मचाऱ्याला का वाटते, हा प्रश्न व्यवस्थापनाने स्वतःला विचारायचा आहे. जो शाखाधिकारी वेळेत वाईट बातमी देतो त्याची बदली होत असेल आणि जो लपवतो त्याला मार्चनंतर शाबासकी मिळत असेल, तर बाकीचे आठ शाखाधिकारी त्यातून काय शिकतील?

आता रोकड. लोकांना वाटतं, आता सगळं यूपीआयवर आहे, तिजोरीकडे कोण बघतं? नेमकं म्हणूनच कुणी बघत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेचे अधिकारी मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेत तपासणीला गेले आणि प्रभादेवी व गोरेगावच्या तिजोऱ्यांतली रोकड मोजली, तर हिशेबापेक्षा १२२ कोटी रुपये कमी निघाले. लगेच निर्बंध आले आणि ऑगस्टमध्ये ती बँक सारस्वत बँकेत विलीन झाली. १२२ कोटींच्या नोटा म्हणजे कपाटं भरतील एवढा कागद. तो नाही, हे तिजोरीत डोकावणाऱ्या कुणालाही दिसलं असतं. लेखापरीक्षणाचे अहवाल होते, रोकड पडताळणीचे दाखले होते. मोजणी मात्र झाली नव्हती.

रोकड तपासायला मी नेहमी सकाळी साडेनऊला, शाखा उघडताना जायचो. तिजोरीला दोन किल्ल्या असतात, एक शाखाधिकाऱ्याकडे आणि एक मुख्य कॅशियरकडे, दोघे आल्याशिवाय उघडू नये म्हणून. एका शाखेत शाखाधिकारी रजेवर होते, तरी तिजोरी उघडलेली होती. विचारलं तर कॅशियरने स्वतःच्या ड्रॉवरमधून दोन्ही किल्ल्या काढून दाखवल्या. त्याला त्यात काही गैर वाटलंच नव्हतं, "साहेब विश्वासाने देऊन जातात." तो माणूस प्रामाणिक होता, रोकड रुपयापर्यंत जुळली. पण त्या दिवसापर्यंत ती शाखा एका माणसाच्या सचोटीवर उभी होती, आणि त्या माणसाच्या घरी मोठं आजारपण आलं असतं तर? विश्वास माणसावर ठेवावा, किल्ली दोघांकडेच असावी. तुम्ही संचालक म्हणून वर्षातून दोनदा कुठल्याही शाखेत अचानक जाऊन "माझ्यासमोर रोकड मोजा, बंडलं उघडून मोजा" असं म्हणू शकता. आधी मंडळाचा तसा ठराव करून घ्या म्हणजे कुणाला तो अपमान वाटणार नाही.

बदल्या आणि रजा यांना प्रशासनाचा कंटाळवाणा विषय समजतात. मी त्यांना बँकेचं सगळ्यात स्वस्त कुलूप समजतो. पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या ब्रॅडी हाउस शाखेतला घोटाळा २०१८ मध्ये उघडकीला आला. तिथे हमीपत्रांचे संदेश स्विफ्ट या बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय संदेशव्यवस्थेवरून परदेशी शाखांना जात होते आणि स्विफ्ट बँकेच्या मुख्य संगणक प्रणालीला जोडलेलं नव्हतं. त्यामुळे हजारो कोटींच्या हमी बँकेच्या पुस्तकात दिसतच नव्हत्या. उघड कसं झालं? जुना अधिकारी निवृत्त झाला. नव्याने नियमाप्रमाणे शंभर टक्के रोख मार्जिन, म्हणजे हमीएवढी पूर्ण रक्कम आधी जमा करायला, मागितलं. समोरून उत्तर आलं, "आम्हाला तर आजवर असंच मिळत होतं." एका टेबलावर माणूस बदलला आणि कित्येक वर्षांचं प्रकरण बाहेर आलं. संवेदनशील जागेवरच्या कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा सलग दहा कामाच्या दिवसांची, आधी न सांगता दिलेली रजा असावी, असं रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये सांगितलं ते याचसाठी. तुमच्या बँकेत "हे तर कधी रजाच घेत नाहीत, फार निष्ठावान" असं कुणाबद्दल कौतुकाने बोललं जात असेल तर त्या माणसाला आदराने दहा दिवस घरी पाठवा.

तंत्रज्ञानाबद्दल तुम्हाला भीती वाटत असेल, कारण बैठकीत त्या विषयावर दोघेच बोलतात आणि बाकीचे मान डोलावतात. पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं उदाहरण घ्या. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. हल्लेखोरांनी एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या स्विचच्या जागी स्वतःची बनावट व्यवस्था उभी केली. खात्यात पैसे आहेत की नाही हे न बघता ती प्रत्येक व्यवहाराला "हो" म्हणत होती. बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत पैसे काढले गेले, आपल्या कोल्हापुरातूनसुद्धा. सोमवारी स्विफ्टवरून हाँगकाँगला आणखी सुमारे चौदा कोटी गेले. एकूण ९४ कोटी. कॉसमॉस मोठी बँक, ती हा धक्का पचवू शकली. ३०० कोटी ठेवींच्या बँकेला त्याच्या दशांशही झेपणार नाही.

इथे तंत्रज्ञ असण्याची गरज नाही. साधे प्रश्न विचारा. शनिवारी दुपारी आपल्या एटीएममधून नेहमीच्या वीसपट व्यवहार होऊ लागले तर फोन कुणाला जातो? त्या माणसाला सेवा बंद करण्याचा अधिकार आहे, की त्याला सीईओंची परवानगी घ्यावी लागते आणि सीईओ लग्नात असतात? हा सराव शेवटचा कधी केला? लहान बँकांची संगणक यंत्रणा सहसा बाहेरच्या पुरवठादाराकडे असते, आणि जोखीम मात्र आपल्याकडेच राहते. ३१ जुलै २०२४ रोजी सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर रॅन्समवेअरचा (संगणक अडवून खंडणी मागण्याचा) हल्ला झाल्याचं समजताच यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने तिच्या प्रणालीवर चालणाऱ्या बँकांना पेमेंटच्या जाळ्यातून तात्पुरतं वेगळं केलं. देशातल्या सुमारे तीनशे लहान बँकांचे ग्राहक त्या दिवशी यूपीआय करू शकले नाहीत. त्या बँकांची स्वतःची काहीच चूक नव्हती. काउंटरवर शिव्या मात्र त्यांच्या कर्मचाऱ्यांनी खाल्ल्या. आपल्या पुरवठादाराशी केलेला करार मागवा आणि त्यात बंद पडल्यास किती तासांत सुरू करायचं, आपल्या लोकांना त्याची तपासणी करता येते का, एवढ्या दोन गोष्टी वाचा.

व्याजदराची जोखीम थोडी समजावून सांगतो, कारण ती कुणाच्या लबाडीशिवाय बँक बुडवू शकते. बँकेने दहा वर्षांचा, ६ टक्के व्याजाचा सरकारी रोखा, म्हणजे सरकारला दिलेल्या कर्जाचा कागद, १०० रुपयांना घेतला. उद्या बाजारातला दर ८ टक्के झाला तर तुमचा ६ टक्क्यांचा रोखा १०० ला कोण घेईल? त्याची किंमत ८६-८७ रुपयांवर येते. मुदतीपर्यंत ठेवला तर पूर्ण पैसे मिळतात, पण ठेवीदार मध्येच ठेवी काढायला आले तर तो तोट्यात विकावा लागतो. अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँक मार्च २०२३ मध्ये अशीच गेली. ९ मार्चला एका दिवसात ४२ अब्ज डॉलर निघून गेले आणि दुसऱ्या दिवशी बँक बंद झाली. त्याआधीच्या वर्षात जवळपास आठ महिने त्या बँकेत मुख्य जोखीम अधिकाऱ्याची खुर्ची रिकामी होती. रोख्यांतला तोटा तिच्या जाहीर हिशेबात छापलेला होता. म्हणजे इथेही माहिती होतीच, ती घेऊन मंडळासमोर उभं राहणारं कुणी नव्हतं.

त्याच आठवड्यात मुंबईत एक गोष्ट घडली, ती मला फार बोलकी वाटते. आपली १९०६ ची शामराव विठ्ठल, म्हणजे एसव्हीसी को-ऑपरेटिव्ह बँक. अमेरिकेतली बँक एसव्हीबी, आपली एसव्हीसी. एवढ्या साम्यावरून व्हॉट्सअ‍ॅपवर अफवा पसरल्या आणि आपला त्या बँकेशी काहीही संबंध नाही असं त्यांना जाहीर करावं लागलं. शतक उलटलेली चांगली बँक, आणि तिला एका अक्षरासाठी खुलासा करावा लागतो! पूर्वी अफवेला तालुक्यात फिरायला बाजाराचा दिवस लागायचा आणि पैसे काढायला लोकांना रांगेत उभं राहावं लागायचं. आता अफवा आणि पैसे दोन्ही एकाच मोबाइलमधून जातात. तुमच्या बँकेबद्दल रविवारी रात्री असा मेसेज आला तर सोमवारी सकाळी किती कोटी रोख आणि किती सहज विकता येणारे रोखे हातात असतील, हा आकडा सीईओंना तोंडपाठ असायला हवा.

याला जोडूनच ठेवींचं बघा. ठेव विमा फेब्रुवारी २०२० पासून एका ठेवीदाराला एका बँकेत पाच लाखांपर्यंत आहे, मुद्दल आणि व्याज मिळून, सगळ्या शाखांतली खाती एकत्र धरून. सामान्य माणसाचं त्यात भागतं. पण तुमच्या बँकेत तालुक्यातल्या पतसंस्थांच्या, शाळांच्या, देवस्थानांच्या मोठ्या ठेवी असतील. त्यांनाही पाचच लाख. म्हणजे काही अघटित झालं तर त्या पतसंस्थेच्या हजारो सभासदांचे पैसे अडकतात, ज्यांनी तुमच्या बँकेची पायरीही चढलेली नसते. आणि अफवा उठली की सगळ्यात आधी ठेव काढणारे हेच मोठे दहा-वीस ठेवीदार. पहिल्या वीस ठेवीदारांकडे एकूण ठेवींच्या किती टक्के आहेत, हे विचारा.

सोनेतारण सुरक्षित म्हणतात, आणि आहेही, जोवर सराफ स्वतंत्र आहे. मूल्यांकन करणाऱ्याला कर्जामागे कमिशन मिळतं, म्हणजे नाही म्हणण्यात त्याचं नुकसान. वर्षातून एकदा दुसऱ्या गावच्या सराफाकडून काही पाकिटं उघडून तपासा. भाड्याने दिलेल्या खात्यांचा प्रश्न मात्र हल्ली फार वाढला आहे. कॉलेजच्या पोराला दोन-पाच हजार देऊन त्याचं खातं आणि सिम कुणीतरी वापरतं, सायबर फसवणुकीचे पैसे त्यातून तासाभरात पुढे जातात आणि पोलीस त्या पोराच्या दारात येतात. काउंटरवरच्या माणसाला असं खातं पहिल्याच दिवशी विचित्र वाटतं. ते विचित्र वाटणं नोंदवायला त्याच्याकडे जागा आहे का?

आणि आता मंडळाबद्दल, कारण व्यवस्थापनाची सगळ्यात मोठी अडचण मला तिथेच दिसली आहे. संचालकाला आणि त्याच्या नातेवाइकांना काही किरकोळ अपवाद सोडले तर कर्ज देता येत नाही. पण शिफारशीच्या फोनला कुठे नोंद असते? "आपलाच माणूस आहे" या तीन शब्दांनी मंजूर झालेली कर्जं मला वसुलीच्या फाइलमध्ये पुन्हा भेटलेली आहेत. संचालकपदाची सलग मुदत कायद्याने आधी आठ वर्षं केली, २०२५ मध्ये ती दहा झाली. हेतू हा की एकाच घराच्या हातात बँक राहू नये. तुमच्या घरातून तुम्ही आलात, हे मी दोष म्हणून सांगत नाही. पण पहिल्या वर्षी सगळे तुमच्याकडे सासऱ्यांची सही म्हणून बघतील. ते तुम्हीच मोडायचं आहे, आणि त्यासाठी आवाज चढवण्याची गरज नाही. विषयपत्रिका आणि टिपणं बैठकीच्या आदल्या रात्री येत असतील तर सात दिवस आधी मागा. कर्जप्रस्तावावर शाखाधिकाऱ्याचं मूळ मत काय होतं आणि मुख्य कार्यालयात ते कसं बदललं, हे बघा. तुमच्या बँकेच्या ठेवी १०० कोटींच्या वर आहेत, म्हणजे संचालक मंडळाशिवाय बँकिंगची जाण असलेल्यांचं व्यवस्थापन मंडळही असलं पाहिजे. त्याची इतिवृत्तं वाचायला मागा. त्यात गेल्या वर्षभरात एकाही प्रस्तावाला कुणी "नाही" म्हटलेलं नसेल तर ते मंडळ कागदावरच आहे.

माझी एक सूचना आहे, आणि ती मी जिथे जिथे सुचवली तिथे सुरुवातीला विरोध झाला. दर बैठकीत पहिला विषय असा ठेवायचा: या महिन्यात प्रत्येक शाखेतली एक वाईट गोष्ट. नऊ शाखा, नऊ ओळी. रोकड कमी आली, जुळत नसलेली नोंद महिनाभर पडून आहे, अमुक कर्जदाराचा धंदा बसतोय अशी गावात कुणकुण आहे, ग्राहकाची फसवणूक झाली, काहीही. "काही नाही" असं लिहायला परवानगी नाही. आणि ते लिहिलं म्हणून कुणाला रागवायचं नाही. एका बँकेत हे सुरू झालं तेव्हा पहिले तीन महिने एसी बंद आहे, प्रिंटर चालत नाही असलंच यायचं. चौथ्या महिन्यात एका शाखेने दबकत लिहिलं की एका जुन्या खातेदाराच्या तारण मिळकतीच्या सातबारावर दुसऱ्या संस्थेचाही बोजा दिसतो. कर्ज अजून नियमित होतं, म्हणून वाटाघाटीला वेळ मिळाला आणि जादा तारण घेता आलं. सहा महिन्यांनी कळलं असतं तर ती फाइल कोर्टात गेली असती.

राजीनाम्याबद्दल. माहेरच्यांची काळजी खरी आहे. बँकेचं नुकसान झालं तर महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ८८ खाली संचालकांवर वैयक्तिक जबाबदारी निश्चित होऊ शकते, आणि अशा चौकशीत "मला माहीत नव्हतं" याला फार वजन नसतं. इतिवृत्तात तुमचं नाव हजर म्हणून आहे आणि विरोध नोंदलेला नाही, म्हणजे तुमची संमती होती असंच धरलं जातं. म्हणून पटलं नाही तर तोंडी बोलून थांबू नका, "माझा विरोध नोंदवावा" असं म्हणा आणि पुढच्या बैठकीत इतिवृत्त कायम करण्याआधी तो लिहिला आहे का ते वाचा.

पण आज राजीनामा देऊ नका. आधी रिझर्व्ह बँकेचा मागच्या तपासणीचा अहवाल आणि त्यावर बँकेने पाठवलेला अनुपालन अहवाल मागा. संचालक म्हणून तो तुम्हाला बघायला मिळालाच पाहिजे. शेजारी ठेवून वाचा. काढलेल्या चुका खरंच दुरुस्त झाल्या, की "सूचना नोंदवली, यापुढे काळजी घेऊ" एवढंच लिहिलं, ते दोन तासांत कळेल. अहवाल मिळाला, सीईओंनी समोर बसून तुमच्या प्रश्नांची उत्तरं दिली, काही चुका मान्य केल्या, तर राहा आणि काम करा, त्या बँकेला तुमची गरज आहे. टाळाटाळ झाली तर लेखी पत्र द्या, पोच घ्या, तिची एक प्रत घरी ठेवा, आणि पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर मला पुन्हा लिहा. तेव्हा राजीनाम्याचं बोलू.